गळ्याकडे बघणारी बाई

संशय घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. मी इथे ‘ते रापा’ नावाच्या उपनगराच्या बाजूला एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. समोर आलेलं प्रत्येक प्रिस्क्रिप्शन खरंच असतं असं मानून चालले तर माझं रजिस्ट्रेशन जाईल. सही बघायची, डोस बघायचा, माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं, आणि फार गोड बोलणारा असेल तर परत एकदा सही बघायची. घरी आल्यावर हे बटण बंद होत नाही. नवरा म्हणतो, तुला कोणी कोथिंबिरीची जुडी फुकट दिली तरी तू ती सोडून आत काय लपवलंय ते बघशील. बघतेच. पुण्यात होते तेव्हाही बघायचे.

आम्ही राहतो त्या रोटोटुनापासून गाडीने थोडं लांब एक कम्युनिटी हाऊस आहे. तिथे मंगळवारी सकाळी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवतात. ते हाऊस चालवणारी माओरी बाई माझ्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची. मी एका म्हाताऱ्याला लेबल वाचून, समजावून, त्याच्याकडून परत म्हणवून घेत होते ते तिने ऐकलं आणि काउंटरवर कोपर टेकवून म्हणाली की हेच तू आमच्याकडे येऊन कर. मंगळवार माझ्या सुट्टीचा. नाही म्हणायला सबब सापडेना, म्हणून मी गेले आणि जातच राहिले.

त्या दोघी आल्या ते थंडीच्या सुरुवातीला. सासू आणि सून. लांब घेरदार स्कर्ट, सासूच्या डोक्याला रुमाल आणि कानांत खांद्यापर्यंत लोंबणारे सोन्याचे डूल. रोमा लोक, मूळचे स्लोव्हाकियाचे, पण मधली बरीच वर्षं इंग्लंडात काढलेले. सुनेचा नवरा घरं रंगवायचं काम करायचा, त्या कामाच्या व्हिसावर सगळे इथे आलेले. सुनेचं इंग्रजी बोलणं माझ्यापेक्षा फर्डं, उत्तर इंग्लंडच्या हेलातलं. पण वाचायला दिलं की दोन-तीन अक्षरांच्या पुढे गाडी जायची नाही. सासू शिकायला आलीच नव्हती. ती सुनेच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायची आणि आम्हा सगळ्यांवर नजर ठेवायची.

पहिल्याच दिवशी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मध्यंतरात चहा झाला, हाऊसवालीने चहाचे मग पुढे केले, तर सासूने पिशवीतून कपड्यात गुंडाळलेले दोन काचेचे ग्लास काढले. त्या दोघींनी स्वतःच्या थर्मासमधला चहा स्वतःच्या ग्लासांतून घेतला. आमच्या मगांना बोटही लावलं नाही. पिऊन झाल्यावर ग्लास धुतलेही नाहीत, तसेच गुंडाळून परत पिशवीत. आम्ही काय घाणेरड्या आहोत का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मूळ भारतातले लोक म्हणे. ते सगळं मला माहीत होतं. आकडे आपल्यासारखे, पाण्याला पाणी म्हणतात, नाकाला नाक, असे मेसेज आमच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी टाकतं आणि खाली सगळे हात जोडतात. माझा संशय त्यामुळे काही कमी झाला नाही. उलट वाढलाच, कारण आपल्या माणसांना मी जास्त ओळखते.

आणि मग ते बघणं. टेबलावर पाण्याचा जग असायचा. तासभर बोलून घसा कोरडा पडला की मी तोच उचलायची, मान मागे टाकायची आणि वरून पाणी प्यायची. दर वेळी, जग खाली ठेवला की दिसायचं, सासू टक लावून माझ्या गळ्याकडे बघतेय. मग ती सुनेच्या कानात काहीतरी कुजबुजायची आणि सूनही माझ्या गळ्याकडे बघायची. गळ्यात माझं मंगळसूत्र. छोटंच, पण आईने केलेलं, चांगल्या सोन्याचं. दोन-तीन मंगळवार हा प्रकार झाल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या मंगळवारी मी ते घरी ठेवून गेले. तरी ती बघायचीच.

मी हे आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती नर्स, आधी लंडनला होती. तिने एकदम आवाज खाली आणला. म्हणाली, "अगं, जिप्सी ना ते? सांभाळून हं. आधी नुसतं हेरून जातात." तिला तसा अनुभव होता का, असं विचारलं तर नव्हता. तिच्या शेजारणीच्या नणंदेला होता. कोणी असं ऐकीव औषध सांगितलं तर मी दुकानात त्याला उभं करत नाही, पण हे मात्र मी पदरात बांधून घेतलं.

सून मात्र शिकत होती. शिकत म्हणजे भांडत. मी औषधाची रिकामी खोकी आणायची, कारण मला तेवढंच शिकवता येतं. जेवणानंतर एक गोळी, दिवसातून दोनदा. मोठ्या अक्षरांतलं वाचून झालं की ती खोकं फिरवायची आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवायची. हे काय आहे? हे मोठं का नाही लिहिलं? मी म्हणायची, ते पुढे शिकू. तिला ते पटायचं नाही.

एका मंगळवारी मी विचारलंच, की एवढी घाई कसली आहे. तेव्हा तिने सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिकडे स्लोव्हाकियात शाळेत दोन बायका आल्या. चित्रं दाखवून हे काय, ते काय विचारलं. घरात त्यांची भाषा, शाळेतली भाषा तिला धड येत नव्हती, म्हणून ती गप्प बसली. त्या बायकांनी हसत हसत तिच्या आईपुढे कागद ठेवला. आईला वाचता येत नव्हतं, तिने फुली मारली. दुसऱ्या दिवसापासून ही मंद मुलांच्या शाळेत. तिथे रंगीत कागद कापायचे, टॉवेलांच्या घड्या घालायच्या. मोठी होईपर्यंत तिने तेच केलं. "मला घड्या फार सुंदर घालता येतात," ती म्हणाली.

आता तिची मुलगी सहा वर्षांची. इथल्या शाळेत वर्गात बोलत नाही. शाळेने कळवलं होतं की मुलीला जरा जास्तीची मदत द्यावी असं वाटतं, टर्मच्या शेवटी भेटू, बोलू, तुमची संमती घेऊ. वर्गाची बाई फार चांगली होती, सारखी हसून बोलायची. "तेव्हाच्या बायकाही हसूनच बोलल्या होत्या," सून म्हणाली. तिला तो कागद स्वतः वाचायचा होता. नवऱ्याने वाचलेला नको, त्याचं वाचनही जेमतेम. माझ्यासारखीने वाचून दाखवलेला तर नकोच नको.

हे ऐकून मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. पण मंगळसूत्र मी कपाटातच ठेवलं.

मग तो गमबुटांचा प्रकार झाला. आमच्यातली एक स्वयंसेविका, उत्साही आणि भली गोरी बाई, तिचा नातू अंगणात चिखलात खेळून आला. तिने त्याचे गमबूट काढले आणि थेट किचनच्या सिंकमध्ये, चहाचे मग विसळतात तिथे, नळाखाली धरले. चिखल खळाळून वाहिला. हाऊसवाली दारातून ओरडलीच, कारण माओरी घरातही अन्नाची जागा वेगळी, अंगाची-पायाची वेगळी. टेबलावर कोणी बूड टेकलं तरी ती उठवायची. त्या बाईने बिचारीने सॉरी सॉरी म्हणत सिंक घासून काढलं. पण तोवर सासू उठली होती. तिने ग्लास गुंडाळले, सुनेच्या दंडाला धरलं आणि दोघी निघून गेल्या. पुढच्या मंगळवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत.

टर्म संपत आली होती. हाऊसवाली मला म्हणाली की तू काहीतरी कर. मी काय करणार? खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

आणि एके दुपारी सून दुकानात उभी. औषध काही नको होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती खोकल्याच्या बाटल्या न्याहाळत थांबली, मग काउंटरजवळ आली आणि विचारलं, की मी तुझ्या घरी शिकायला येऊ का. मी काही बोलायच्या आत पुढचे प्रश्न सुरू. घरात दिवसा कोण असतं? नवरा किती वाजता जातो? किचनमध्ये किती सिंक आहेत? कपडे धुवायची जागा कुठे, आत की गॅरेजमध्ये? घरात कुत्रा आहे का? आत येऊन फिरतो का?

प्रत्येक प्रश्न जणू मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलेला. मी तिला ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं, जे मी आयुष्यात कशाच्याही बाबतीत म्हणत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो सोफ्यावरून म्हणाला, "घर फोडायचंय तर ती तुला विचारून येईल का?" मी म्हटलं, हुशार असली तर असंच करेल. मुलगी जेवत होती, तिने मान वर न करता इंग्रजीत सांगितलं, की आई, तू जे बोलतेस त्याला एक शब्द आहे आणि तो चांगला नाही. इथे जन्मलेल्या पोरांना मराठी सगळं कळतं, विशेषतः जे कळू नये ते.

मी हो म्हटलं. दया आली म्हणून म्हटलं, की मुलीच्या त्या बोलण्याने डिवचलं म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण तयारी केली. मंगळसूत्र, बांगड्या, सासूबाईंनी दिलेला तन्मणी, सगळं एका डब्यात घालून डबा बेडरूमच्या कपाटात, आणि बेडरूमला कुलूप. घरातल्या खोलीला कुलूप मी पहिल्यांदाच लावलं. मुलीला बजावलं, की तू शाळेतून लवकर आलीस तर किचनच्या ओट्यावर चढून बसायचं नाही.

त्या आल्या. सासूही होतीच. दारातच मला काहीतरी वेगळं वाटलं, आणि जरा वेळाने लक्षात आलं, की तिचे कान मोकळे होते. ते मोठे डूल नव्हते. मी त्यांना चपला बाहेर काढा म्हणायच्या आधीच त्यांनी काढल्या होत्या. सासू सरळ किचनमध्ये गेली आणि आमच्या घराची तपासणी सुरू झाली. माझ्या लग्नाआधी मला बघायला आले होते त्यांनीही एवढं बघितलं नव्हतं. सिंकपाशी उभी राहून तिने घासणी बघितली. ओट्याचं फडकं कुठलं, हात पुसायचं कुठलं, फरशीचं कुठलं, सुनेमार्फत एकेक विचारून घेतलं. फरशीचं फडकं बाहेर दोरीवर, ते घरात येत नाही, असं मी सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मान हलवली. मला कोण अभिमान वाटला. परीक्षा कसली चालली आहे हे माहीत नसतानाही मला त्यात पास व्हायचं होतं.

मग तिने वॉशिंग मशीन दाखवायला सांगितलं. बायकांचे आणि पुरुषांचे कपडे एकत्र धुतेस का? कमरेखालचे आणि वरचे? टेबलावरची फडकी यातच टाकतेस का? मी खोटं बोलू शकले असते. फडकी हाताने धुते, बाकी सगळं एकत्र, असं खरं ते सांगितलं. सासूने तोंड कडू केलं. बराच वेळ दोघींचं आपसात चाललं, आवाज चढले. सून पहिल्यांदाच तिला उलट बोलत होती, आणि तिचे डोळे भरले होते. ही म्हातारी आता नाही म्हणाली तर त्या पोरीचं वाचन इथेच संपणार आणि टर्मच्या शेवटी ती आईसारखीच कागदापुढे बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मला त्या म्हातारीचा राग आला.

शेवटी निकाल लागला. मशीन वाईट, पण किचन चालेल. शिकायचं ते किचनमध्येच, बाकी घरात जायचं नाही.

मी सुनेला विचारलं, की एवढं सगळं होतं तर मग माझंच घर कसं सुचलं. हाऊसमध्ये शिकवणाऱ्या अजून दोघी आहेत की.

"तू पाणी पितेस ना," ती म्हणाली आणि मान मागे टाकून दाखवली. "भांड्याला ओठ लावत नाहीस. आईंनी पहिल्या दिवशीच बघितलं. म्हणाल्या, त्या खोलीत ही एकटीच स्वच्छ घरातली आहे."

पहिल्या दिवसापासून म्हातारी बघत होती ते हे. मी आपली सोनं कपाटात कोंडून बसले होते.

तेवढ्यात सासूने पॅसेजमधल्या बेडरूमच्या दाराकडे बोट केलं. नवंकोरं पितळी कुलूप, लखलखणारं. तिने सुनेला काहीतरी सांगितलं. सून संकोचली, सांगेना. सासूने परत सांगितलं, ठासून. मग सून म्हणाली, "त्या म्हणतात, कुलूप लावलंस ते बरं केलंस. त्यांनीही आज डूल घरी ठेवलेत. भारतीय लोकांना सोन्याचं फार वेड असतं असं आम्हाला इंग्लंडमध्ये सगळे सांगायचे."

मी आधी रागावले. खरंच रागावले. माझ्या घरात उभं राहून मला चोर म्हणतेस? आणि मग त्या रागाचं काय करावं ते कळेना, आणि मला हसू फुटलं. म्हातारी हसली नाही. तिने पिशवीतून ग्लास काढले, टेबलाशी खुर्ची ओढली आणि सुनेला खूण केली, की बस आता, वेळ जातोय.

त्यानंतर टर्म संपेपर्यंत त्या येत राहिल्या. आता मी खोकी सोडून शाळेतून येणारे कागद आणायला लागले. माझ्या मुलीचे जुने, स्विमिंगला टॉग्स, म्हणजे पोहायचे कपडे, आणा, कॅम्पला काय आणा, असले. सून प्रत्येक वाक्य खाली-वर करून बघायची. यात काय लपवलंय, हा तिचा पहिला प्रश्न. काही लपवलेलं नाही, असं आधी मी म्हणायची. नंतर म्हणेनाशी झाले. कागदाकडे असंच बघायचं असतं, मी स्वतः दिवसभर तेच करते, आणि त्याचा मला पगार मिळतो. म्हणून मी तिला माझी रीत दाखवली. आधी सही कुठे मागतात ते बघ, मग त्या सहीच्या वरचं वाक्य वाच, मग बाकीचं. ती हे इतक्या चटकन शिकली की मला तिच्या त्या शाळेतल्या दोन बायकांना हाताला धरून आणावंसं वाटलं.

डूल काही परत दिसले नाहीत. मीही कुलूप काढलं नाही.

शाळेतल्या भेटीला सुनेने मला बरोबर यायला सांगितलं. तुमच्या सोबतीला कोणाला तरी आणा असं इथल्या शाळा नेहमी म्हणतात. नवरा कामावर, सासू घरी. खोलीत वर्गाची बाई, मुख्याध्यापिका आणि आम्ही दोघी. सगळ्या अगदी प्रेमाने वागत होत्या. किया ओरा म्हणून नमस्कार झाले, बिस्किटं पुढे आली. सुनेने घेतली नाहीत, आणि त्यांना जरा वाईट वाटलेलं मला दिसलं. मुलगी किती गोड आहे, तिला एका शिक्षिकेची थोडी सोबत मिळाली तर किती खुलेल, असं बाई सांगत होती. मला ते खरं वाटलं. मी ओळखते खरं-खोटं, निदान तसा माझा समज आहे. मग मुख्याध्यापिकेने कागद टेबलावरून सरकवला, वर पेन ठेवलं आणि म्हणाली की वाचायची घाई नाही, हवं तर मी सांगते यात काय आहे ते.

"नको," सून म्हणाली. "मी वाचते."

माझी मान आपोआप कागदाकडे वळली. सवयच ती. सहीची जागा शोधली, तिच्या वरची ओळ वाचायला लागले. तेवढ्यात तिने कागद उचलला आणि माझ्यापासून दूर, स्वतःकडे वळवून घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी आपले डोळे काढून घेतले आणि इतरांसारखीच वाट बघत बसले.

ती वाचत होती. बोट ओळीखालून सरकत होतं, मध्येच अडत होतं, मागे जाऊन परत पुढे येत होतं. ओठ हलत होते. वर्गाच्या बाईने एकदा मदत करायला तोंड उघडलं, मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, आणि ती गप्प बसली. बाहेर मधली सुट्टी झाली, पोरांचा गलका आला आणि परत ओसरला. ती तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत गेली, तीही तिने सोडली नाहीत. मग तिने कागद खाली ठेवला, पेन बाजूला सारलं आणि मुख्याध्यापिकेला विचारलं, "माझी मुलगी तिच्याच वर्गात राहणार, असं तुम्ही तोंडाने सांगितलंत. यात ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. मुख्याध्यापिकेने कागद स्वतःकडे ओढून दोनदा बघितलं, मग पेन उचललं आणि ते लिहायला घेतलं.